आकाशात सेकंड माल नसतो

आकाशातला निम्मा माल सेकंड आहे, असा निकाल आजवर एकाच माणसाने दिला असेल. तो माणूस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल तपासायचा आणि मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. कारखान्यात सगळे त्यांना 'चेकर' म्हणत. मी काका म्हणायला लागले, कारण नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीवर टाकलेला नवा स्कार्फ उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, दुकानदारानं फसवलंय तुमाला. हितं धागा सुटलाय बगा." एवढ्या हक्काने नावं ठेवणाऱ्याला काका म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काका मूळचे माढा तालुक्यातले. घरची शेती भावाकडे देऊन तरुणपणीच सोलापुरात आले आणि तेव्हापासून टॉवेलच बघत राहिले. बुटकी मूर्ती, पांढरा सदरा, आणि गळ्यात दोऱ्याने अडकवलेलं धागे मोजायचं छोटं भिंग. ते भिंग आंघोळीला तरी काढतात की नाही, यावर कारखान्यात पैजा लागत. मागावरून उतरलेलं लांबच लांब कापड त्यांच्या टेबलावर यायचं, मग ते हाताने पुढे ओढत बोटांनी आणि डोळ्यांनी तपासायचं, दोष दिसला की खडूची खूण करायची आणि नंतर कापून त्याचे टॉवेल व्हायचे. हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की कापड म्हणून जे काही समोर येईल ते तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

याचा कळस त्यांच्या मुलीच्या लग्नात झाला. मंगलाष्टकं चालू होती. सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा. काका मात्र नवरा-नवरीकडे न बघता त्यांच्या मधल्या अंतरपाटाकडे बघत होते. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांनी हात वर केला. "गुरुजी, जरा थांबा. आडवा धागा तुटलाय." गुरुजी थांबले, कारण वधूपित्याने थांबा म्हटल्यावर थांबावंच लागतं. काकांनी भिंग लावून खात्री केली, दोन्ही मामांना अंतरपाट उलटा धरायला लावला, म्हणजे दोष खालच्या अंगाला गेला, आणि मग "हां, चालू द्या" म्हणाले. मुलीने अंतरपाटाआडून "बाबा!" म्हणून ओरडलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. नवरा मुलगा मात्र खूश झाला होता. ज्या घरात कापडाची एवढी काळजी घेतात तिथली मुलगी चांगलीच असणार, असं तो नंतर म्हणाला.

त्यांच्या मालाचे तीन दर्जे होते. चोख, चालेल आणि सेकंड, म्हणजे दोषाचा, बाद माल. 'चोख' हा दर्जा रजिस्टरात छापलेला होता खरा, पण माझ्या सहा वर्षांत तो कुठल्या टॉवेलाला मिळालेला मी पाहिला नाही. त्यांच्या तोंडून 'चालेल' निघालं की मागावरची माणसं एकमेकांना टाळ्या द्यायची. मी एकदा घरून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणली होती. काका दोन भाकऱ्या खाऊन, ताट पुसून "चालेल" म्हणाले. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती रागावली. तिला दर्जे माहीत नव्हते.

आता आकाशाची भानगड सांगते. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी एक दुर्बीण अवकाशात पाठवली आहे. ती एखादा तारा धरून बसत नाही. आकाशाचा मोठा भाग ती पट्ट्यापट्ट्याने टिपत चालली आहे, समोर येईल ते सगळं. त्यात दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट पुंजके, इतक्या येतात की शास्त्रज्ञांचे डोळे पुरत नाहीत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर एक पान उघडून दिलं: कुणीही यावं, चित्र बघावं आणि काय दिसतं ते सांगावं. दीर्घिका गोल आहे का, तिला भोवऱ्यासारखे हात आहेत का, की हा कॅमेऱ्याचा दोष आहे? मी जेवणाच्या सुट्टीत हे पान बघत बसले होते. काका पाण्याची बाटली भरायला आले आणि मी पुटपुटलेला 'दोष' हा शब्द ऐकून जागीच थबकले.

"ताई, हे आभाळाचं चेकिंग हाय काय?"

"तसंच काहीतरी."

"मग त्यांनी मला कसं न्हाय इचारलं?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची सुट्टी आकाशाकडे गेली. काकांनी आधी भिंग लावून स्क्रीनच तपासली आणि "तीन रंगाचं सूत हाय की हे, लाल, हिरवं, निळं" असा शेरा दिला. मग काम सुरू. इंग्रजी मी वाचायचे, निकाल ते द्यायचे. गोल दीर्घिका आली की "चालेल." लांबट आली की "दोष." हात असलेली आली की "धागे सुटलेत, दोष." दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या दिसल्या तेव्हा तर त्यांनी कपाळावर हात मारला. "कोन बसलंय ह्या मागावर?" मी निमूटपणे बटण दाबत गेले. पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून निम्मं विश्व बाद केलं होतं.

मग एका चित्रात आडवी-तिरकी उजळ रेघ आली. काका खवळले. "हे मात्र अती झालं. लिवा त्यांना. म्हनावं, तुमच्या मालावर ओरखडा हाय. आनि इचारा, बाद केलेला माल कुटं पाठवता?"

त्या पानावर शास्त्रज्ञांना विचारायची सोय होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. दोन दिवसांनी तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं. मी ते काकांना मराठीत सांगितलं. ती रेघ म्हणजे ओरखडा नाही, चित्र काढलं जात असताना दुर्बिणीसमोरून गेलेला छोटा ग्रह आहे. दीर्घिका बघणाऱ्यांना त्याची अडचण होते, पण छोट्या ग्रहांच्या मागावर असलेली माणसं याच रेघांची वाट बघत असतात. आम्ही काहीच बाद करत नाही, त्यांनी लिहिलं होतं. आज जे आमच्या कामाचं नाही ते उद्या कुणाच्या तरी कामाचं असेल. उद्या एखादा तारा फुटला, तर फुटायच्या आधी तो कसा होता हे याच चित्रांत शोधतील. आणि लांबट दीर्घिकांना कृपया दोष म्हणू नका.

काकांनी ती रेघ पुन्हा भिंगातून बघितली. मग म्हणाले, "म्हंजी ह्यांच्यात सेकंड मालच न्हाय?"

"नाही."

"आनि चांगल्या मालाची पन नोंद ठेवतात?"

"सगळ्याची."

त्या बाईंनी पुढे आणखी एक गोष्ट लिहिली होती, तिने तर काकांची झोप उडाली. विश्वात न दिसणारं असं पुष्कळ काही भरलेलं आहे. त्याच्या ओढीने मागच्या दीर्घिकांचे आकार किंचित तिरके दिसतात. एक दीर्घिका बघून ते कळत नाही, कारण ती मुळातच तिरकी असू शकते. पण आकाशाच्या एका भागातल्या हजारो दीर्घिका मिळून जरा एकाच बाजूला कललेल्या दिसल्या, की समजायचं, मध्ये काहीतरी जड आहे. हे ऐकून काका उभेच राहिले. "आता हे मला सांगायला पायजे व्हय? एका टॉवेलावरनं मागाची चूक कुटं कळती? तागंच्या तागं बगावं लागत्यात!" बाईंना विणकामाची चांगली जाण आहे, असं त्यांचं मत झालं. कुठल्या कारखान्यात असतात, तेही त्यांनी विचारायला लावलं होतं. ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून काकांचं रजिस्टर बिघडलं. आधी त्यात फक्त दोष लिहिले जायचे. आता ते सगळंच लिहायला लागले. कुठल्या मागाचं कापड, किती वाजता उतरलं, किती टॉवेल चालेल, त्यातही कुठे अंधुक पट्टी, कुठे सूत जाड. आणि शेवटच्या 'शेरा' रकान्यात जे दिसेल ते. 'छपरात कबुतर.' 'उन्हाची पट्टी टेबलावर आली.' 'चहात आलं कमी.' काकांच्या टेबलाच्या वर एक जुना पंखा टांगलेला होता. सोलापूरचं ऊन आणि वर पत्र्याचं छप्पर. त्या पंख्याचा वेग जरा कमी झाला की काका वर बघून शिवी द्यायचे आणि लगेच वेळ टाकून लिहायचे, 'पंखा दमला.'

आमचे शेठ तरुण होते, पुण्यात शिकून आलेले. उपयोग नसलेल्या गोष्टींचा त्यांना मनापासून राग यायचा. महिन्यात रजिस्टर संपलं तेव्हा ते टेबलाशी आले.

"काका, चांगल्या टॉवेलचं काय लिहिता? चांगला तर आहे ना?"

"आज चांगला हाय, शेठ. उद्या वाईट निघाला, तर कुटनं बिघडलं ते कसं कळायचं?"

"आणि हे कबुतर?"

"ते कशाला लागंल ते अजून कळलं न्हाय."

"मग लिहिता कशाला?"

"दुर्बीण पन लिवतीच की, शेठ. काय सापडंल ते म्हाईत असतं तर आभाळ बगायचंच कशाला?"

शेठ माझ्याकडे बघून गेले. दुर्बीण कुणाच्या कॉम्प्युटरवरून कारखान्यात शिरली, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आणि मग नरसय्यांचं प्रकरण झालं.

नरसय्या आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने विणकर. सगळ्यात जुना मागही त्यांच्याकडेच. घरात तेलुगू बोलायचे आणि मागाशीही तेलुगूतच. माग अडला तर त्याला 'रा बाबा, रा', म्हणजे ये बाबा ये, असं चुचकारायचे. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. अशात परदेशच्या गिऱ्हाइकाने फोटो पाठवले: धुतल्यावर टॉवेलांवर उठून दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या, कुणी बोटाने रेघ ओढल्यासारख्या. लेबलवर माग नरसय्यांचा. चालता माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की अशी पट्टी उमटते, हे एमआयडीसीत शेंबडं पोरही सांगेल. शेठनी अर्थ काढला की म्हातारा मागावर डुलक्या घेतोय.

"मी माग थांबवला न्हाय, शेठ," नरसय्या म्हणाले. "देवाशप्पथ न्हाय."

"मग पट्ट्या आपोआप पडतात का?"

नरसय्या मागावरचं कापड चाचपायला लागले. शेठ ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "वय आणि दृष्टी, या कारणांनी कामावरून थांबवत आहोत, असं पत्र टाइप करा. चार वाजता सही करतो."

मी टाइप करायला घेतलं. माझ्या आणि काकांच्या टेबलामध्ये एक काचेची भिंत होती. थोड्या वेळाने काका बाटली घेऊन आत आले. बाटली भरलेलीच होती.

"ताई, काय लिवताय?"

ऑफिसची पत्रं दाखवायची नसतात. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी भिंग लावून एकेक ओळ वाचली, बाहेर गेले आणि सगळी रजिस्टरं उचलून घेऊन आले.

"नरसय्याच्या मागाचं समदं वाचतो. तुमी कॉम्प्युटरात घाला."

जेवणाची सुट्टी झाली, आम्ही जेवलो नाही. काका वाचत होते, मी रकाने भरत होते. पट्टी, मग इतके टॉवेल चांगले, पुन्हा पट्टी. मागाची गती काकांना पाठ होती, त्यामुळे किती टॉवेलांना किती वेळ लागतो हे ते हिशोब करून सांगायचे. डुलकी घेणारा माणूस कधीही डुलकी घेईल. इथे पट्ट्या रोज साधारण त्याच वेळेला पडत होत्या. पण का, ते कळेना. कंटाळून मी शेरे वाचायला लागले, जरा हसावं म्हणून. "काका, हे बघा, अकरा दहाला 'पंखा दमला'. दुसऱ्या दिवशी पण अकरा दहा. तिसऱ्या दिवशी अकरा बारा. तुमचा पंखा घड्याळ लावून दमतो की!"

काका हसले नाहीत. म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं. अकरा दहा, अडीच, चारला थोडं कमी. पट्ट्या आणि पंखा शेजारी शेजारी लावले तर दोघांच्या वेळा एकच. शेजारच्या युनिटला सुट्टी असायची त्या दिवशी पंखा दमला नव्हता आणि पट्टीही नव्हती.

"अडीचला किती कमी हाय?" काकांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

काकांनी शेठना अक्षरशः हाताला धरून मागावर आणलं. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून अशी व्यवस्था झाली: काका आपल्या टेबलाशी पंख्याखाली, मी मागांच्या शेडच्या दारात, हातात लाल टॉवेल, आणि आत नरसय्या, हातात खडू. पंखा दमला की काका हात वर करणार, मी टॉवेल हलवणार, आणि नरसय्या त्या क्षणी विणल्या जाणाऱ्या जागी काठाला खूण करणार. शेठ हाताची घडी घालून नरसय्यांच्या शेजारी उभे राहिले, म्हणजे माग कुणी थांबवत नाही याला तेच साक्षी.

अडीच वाजले. पंखा गरगर फिरत होता. दोन पस्तीस. इतके दिवस काकांनी त्या पंख्याला दमतो म्हणून शिव्या दिल्या, आणि आज तो तरण्या पोरासारखा पळत होता. शेठनी घड्याळ बघितलं. दोन चाळीस. काका मान वर करून, ओठ हलवत पंख्याला काहीतरी सांगत होते. शिव्या वाटत नव्हत्या, विनवणी वाटत होती. मला रडू यायला लागलं, कारण टाइप केलेलं पत्र माझ्या कॉम्प्युटरवर तसंच उघडं होतं.

दोन त्रेचाळीसला काका दोन्ही हात वर करून ओरडले, "दमला!"

मी टॉवेल असा हलवला की कुर्डुवाडी स्टेशनात गाडी थांबली असती. नरसय्यांनी खडू ओढला. मग पाच मिनिटांनी पुन्हा, आणि पुन्हा. तीन खुणा झाल्या. शेठनी कापड तिथेच कापायला सांगितलं.

ते टेबलावर पसरलं, तेव्हा काका मागे सरकले. त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं. काढता येत होतं तर! आणि शेठच्या हातात दिलं. "तुमी बगा. मी बगितलं तर चेकर बोलला म्हनतील."

शेठ वाकले. तिन्ही खुणांशी पट्टी होती. शेजारच्या युनिटातलं मोठं मशीन सुरू झालं की वीज क्षणभर मंदावत होती, पंखा दमत होता आणि जुना माग अडखळत होता. शेठनी शेजारच्या नव्या मागाचं कापडही मागवलं. त्यातही त्याच पट्ट्या होत्या, फक्त अंधुक.

"मग या मागाचं कापड पास कुणी केलं?" शेठनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "'चालेल, पन अंधुक पट्टी.' रजिस्टरात हाय."

नरसय्या खाली कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. मला वाटलं ते शेठना काहीतरी सुनावतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, खरं सांगू? मला सोताला वाटाय लागलं होतं, मीच झोपत असंल म्हणून." मग उठून मागाकडे गेले आणि त्याच्याशी तेलुगूत बराच वेळ बोलले.

शेठ ऑफिसात येऊन म्हणाले, "ते पत्र राहू द्या." मी म्हटलं, "अजून झालंच नव्हतं." पुढच्या आठवड्यात वीज सांभाळणारं यंत्र बसलं आणि काकांना रजिस्टरं मागतील तितकी मिळायला लागली. शेठनी स्वतःच्या हाताने त्यात 'पंखा' असा नवा रकाना आखून दिला. यंत्र बसल्यावर पंखा दमायचा बंद झाला, त्यामुळे काका तिथे रोज 'ठीक' लिहायचे. जुन्या दीर्घिकांचे निकाल सुधारता येतात का, हेही त्यांनी मला विचारलं. येत नव्हते. मग त्यांनी पुढे आलेल्या प्रत्येक लांबट दीर्घिकेला मनापासून 'चालेल' म्हणून भरपाई केली.

गेल्या दिवाळीत काका निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाला शेठनी शाल दिली. काकांनी ती उजेडात धरली. सगळा कारखाना श्वास रोखून उभा होता. त्यांनी शाल अंगावर घेतली आणि काही बोलले नाहीत, हा शेठना मिळालेला मोठाच मान. जाताना रजिस्टरं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, टाकू नका. कशाला लागतील ते अजून कळलं न्हाय."

परवा एका जुन्या मालाची नोंद शोधताना नरसय्यांच्या त्या दिवसाचं पान उघडलं. पत्र झालं नव्हतं, असं मी शेठना सांगितलं होतं. ते खोटं होतं. काका आत आले तेव्हा फक्त तारीख घालायची राहिली होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, नरसय्यांना तर नाहीच. काका त्या दिवशी भरलेली बाटली घेऊन आत का आले होते, हेही मी कधी विचारलं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं:

'काचेपलीकडं ताईंचे हात चार वेळा थांबले. पाचव्यांदा चालू झाले. कायतरी वाईट लिवाय लावलंय. जाऊन बगतो.'

आणि माझ्या त्या नोंदीशेजारी, दर्जाच्या रकान्यात, एकच शब्द. 'चालेल.'